पाच हजारांतलं हॉट एअर स्टेशन आणि घरातलं अर्थिंग

पत्र: मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. संध्याकाळी हौसेने इलेक्ट्रॉनिक्स करते. विहिरीतल्या पाण्याची पातळी मोबाईलवर दाखवणारं यंत्र ईएसपी३२ (वाय-फाय असलेलं छोटं नियंत्रक मॉड्यूल) वापरून बनवलं, ते दोन वर्षं चाललं. या पावसात बंद पडलं. मॉड्यूल बदलायला साध्या सोल्डरिंग आयर्नने प्रयत्न केला, तर बोर्डावरचे दोन पॅडच (पाय जोडायचे तांब्याचे ठिपके) उखडून आले. आता हॉट एअर, म्हणजे गरम वाऱ्याने सोल्डर वितळवणारं स्टेशन, घ्यायचं ठरवलंय. जवळ पाच हजार आहेत. ८५८डी घ्यावं, आयर्न जोडलेलं टू-इन-वन घ्यावं, की थांबून मोठं १००० वॅटचं घ्यावं? यजमान म्हणतात, एकदाच काय ते चांगलं घे. घर चिऱ्याचं, जुनं आहे. वीज येऊन जाऊन असते. मुलगी पाच वर्षांची आहे. आणि तो उखडलेला बोर्ड आता फेकूनच द्यायचा का?

ताई, साधं ८५८डी जातीचं, नुसतं हॉट एअरचं स्टेशन घ्या. टू-इन-वन नको आणि मोठ्यासाठी थांबायचीही गरज नाही. पण पाच हजार सगळे त्या यंत्रावर घालू नका, आणि ते घरी येण्याआधी वायरमनला बोलवा. पत्रात तुम्ही वॅट विचारलेत. माझ्या मते तुमच्या घरात वॅटचा प्रश्न तिसरा आहे. पहिला अर्थिंगचा, दुसरा दमटपणाचा.

आधी यंत्राबद्दल. ८५८डी हे एका कंपनीचं नाव राहिलेलं नाही, तो एक घाट आहे आणि बरेच जण तो बनवतात. यात पंखा हँडलमध्येच असतो. त्याच्या पुढे अभ्रक किंवा सिरॅमिकवर गुंडाळलेली तापतार, तिच्या तोंडाशी तापमान मोजणारा सेन्सर, आणि पुढे पोलादी नळी. खालच्या डब्यात फक्त नियंत्रण. जुन्या ८५० जातीत डब्यात डायफ्रामचा पंप असायचा. तो थरथरतो, आवाज करतो, आणि नवीन आणल्यावर तळाचा वाहतुकीसाठी लावलेला स्क्रू काढायचा विसरलात तर बिघडतो. कोणी जुनं म्हणून स्वस्तात देत असेल तरी तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. तिसरी जात १००० वॅटची, क्विक ८६१डीडब्ल्यू किंवा अॅटन एसटी-८६२डी यांसारखी. त्यांत ताकदवान पंखा डब्यात असतो आणि जाड नळीतून वारा येतो. लॅपटॉपचे मदरबोर्ड, आत तांब्याचे सहा-आठ थर असलेले बोर्ड, यांच्यासाठी ती खरोखर लागतात, कारण असा बोर्ड उष्णता ओढून घेतो आणि ७०० वॅट त्याला पुरे पडत नाहीत. दुकान चालवणाऱ्याने ती जरूर घ्यावीत. तुमचे बोर्ड दोन थरांचे, आठ-सोळा पायांच्या चिप आणि एखादं ईएसपी३२ मॉड्यूल. एवढ्यासाठी कितीतरी पट पैसे घालणं मला पटत नाही. यजमानांचं ‘एकदाच चांगलं घे’ हे मोटारपंपाच्या बाबतीत अगदी खरं आहे. इथे मात्र हात बसेपर्यंत साधं यंत्रच चांगलं. त्याची तापतार आणि हँडल सुटे मिळतात आणि तुम्ही ते घरी बदलू शकता.

टू-इन-वन नको म्हणतो, कारण सोल्डरिंग आयर्न तुमच्याकडे आहेच. शिवाय एका डब्यात दोन यंत्रं असली की एकाची दुरुस्ती निघाली तरी दोन्ही बंद. फाट्यावरून कुरिअर आणायला अर्धा दिवस जाणाऱ्या गावात हे परवडत नाही.

आता मी ज्यासाठी एवढं लिहितोय ते. या स्टेशनच्या तापतारेत २३० व्होल्ट थेट येतात, तेही तुमच्या मुठीपासून बोटभर अंतरावर. बाहेरची पोलादी नळी अर्थला जोडलेली असेल तरच तार तुटून नळीला टेकल्यावर फ्यूज उडेल. जोडलेली नसेल तर नळी जिवंत होईल. स्वस्त ८५८डी यंत्रांत दोन दोष पुन्हापुन्हा सापडलेले आहेत. एक, अर्थची वायर नळीपर्यंत किंवा डब्याच्या पत्र्यापर्यंत पोचलेलीच नसते. दोन, बटण किंवा फ्यूज फेजऐवजी न्यूट्रलवर असतो, म्हणजे बटण बंद केलं तरी तापतारेत फेज उभाच. माझ्या टेबलावर बारा-तेरा वर्षांपूर्वी असं एक यंत्र आलं होतं. हिरवी-पिवळी वायर डब्यात शिरून तिथेच कापून ठेवलेली होती. मला शॉक बसला तो पायात चप्पल होती म्हणून मनगटावरच निभावला. तेव्हापासून नवीन यंत्र उघडून पाहिल्याशिवाय मी त्याचा प्लग लावत नाही. तुम्हीही लावू नका.

यंत्र आलं की प्लग बाहेर ठेवूनच मल्टिमीटर ओहमवर लावा. एक टोक प्लगच्या जाड अर्थ पिनला, दुसरं नळीच्या उघड्या धातूला. एक-दोन ओहमच्या आत आलं पाहिजे. रंग किंवा काजळी असेल तर जरा खरवडून बघा. मग डब्याच्या स्क्रूला लावून बघा. नंतर फेजची पिन: बटण बंद असताना ती आत कुठेच जोडलेली दिसता कामा नये. चार स्क्रू काढून आत पाहिलंत तर आणखी बरं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना फेज कुठून कुठे जातो ते मी सांगायला नको. यातलं काही चुकलेलं असेल तर यंत्र परत पाठवा, किंवा एक वायर आणि एक लग (वायर स्क्रूखाली धरणारं धातूचं टोक) लावून दुरुस्त करा, पण तसंच वापरू नका. दोन पिनांचा प्लग आणि वर अडॅप्टर असं आलं तर ते सरळ परत करा. तिथे अर्थ तुटलेला असतो.

एवढं करूनही भिंतीतला अर्थच खोटा असेल तर काय उपयोग? आपल्या जांभ्याच्या कातळावर हा प्रश्न खरा आहे. जून ते सप्टेंबर जमीन पाण्याने भरलेली, तेव्हा अर्थिंग उत्तम वाटतं. एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगच्या त्याच खड्ड्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो. जुन्या चिऱ्याच्या घरांत तर कितीतरी ठिकाणी तीन भोकांच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवले म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजू नका. मीटर इतका कमी प्रवाह घेतो की सुकलेल्या खड्ड्यावरही तो तेवढंच दाखवेल. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, तेही उन्हाळ्यात. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालत जा, आणि पाइप खारट मातीत किती खाल्ला गेलाय ते एकदा उकरून पाहा. सोबत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळला की वीज तोडणारं स्विच) बसवून घ्या. घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तेव्हा हे हॉट एअर घेतलं नाहीत तरी करायला हवंच होतं.

विजेचं आणखी एक. गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळी बागांचे पंप सुरू झाले की १९० व्होल्टही मिळत नाहीत. तापतारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा २३० वर ७०० वॅटचं यंत्र १९० वर जेमतेम ४८० वॅटचं उरतं. काच ३५० दाखवते, पण वारा पूर्ण सोडलात की आकडा घसरत जातो आणि सोल्डर वितळत नाही. मग माणूस तापमान वाढवतो आणि तेवढ्यात पंप बंद होतो. बहुतेक बोर्ड अशा वेळी जळतात. संध्याकाळी काम करायचंच असेल तर वारा कमी ठेवा आणि नॉझल थोडं जवळ आणा. शक्यतो रविवारी सकाळी बसा. इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नका. लहान घरगुती इन्व्हर्टरला ७०० वॅट झेपत नाहीत, आणि स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट याच्या ट्रायकला (तापतारेची वीज चालू-बंद करणाऱ्या भागाला) मानवत नाही.

काम संपल्यावर हँडल स्टँडवर ठेवलं की स्टँडमधल्या चुंबकामुळे हँडलमधल्या स्विचला ते कळतं, तापतार बंद होते आणि १०० अंशांखाली येईपर्यंत पंखा फिरत राहतो. तो थांबायच्या आत बटण बंद करू नका. वीज मधेच गेली तर पंखाही थांबतो आणि राहिलेली उष्णता हँडलच्या प्लॅस्टिकमध्ये चढते. तेव्हा हँडल लगेच धातूच्या स्टँडवर ठेवा, टेबलावर आडवं टाकू नका. ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा.

दमटपणा. हे मला चिपळूणने शिकवलं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि त्यानंतर दोन-तीन महिने माझ्याकडे गाळात बुडालेले बोर्ड येत राहिले. टीव्हीचे, इन्व्हर्टरचे, दुकानांच्या वजनकाट्यांचे. धुऊन उन्हात ठेवले, हाताला अगदी कोरडे लागले. पहिल्याच बोर्डावर वारा धरला आणि मिनिटभरात त्याच्या पोटात फुगा आला, थर सुटले. बोर्डाच्या काचतंतूत आणि चिपच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये ओल मुरलेली असते. शंभर अंशांच्या पुढे तिची वाफ होते, दोनशेच्या पुढे वाफेचा दाब फार वाढतो आणि बाहेर पडायला वाट नसते. चिप लाहीसारखी फुटते, कधी टक्कन आवाज येतो, कधी काहीच कळत नाही आणि चिप आतून मरते.

पुरातच कशाला, आपल्या साध्या श्रावणातही हे होतं. चिपच्या पाकिटावर ओलाव्याची पातळी लिहिलेली असते. ईएसपी३२चं वरूम (WROOM) जातीचं मॉड्यूल तिसऱ्या पातळीत येतं, म्हणजे पाकीट फोडल्यावर १६८ तासांत ते सोल्डर व्हावं, आणि तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आतल्या खोलीत. जुलैमध्ये किनाऱ्यावरच्या कुठल्या घरात ६० टक्के आर्द्रता असते? तेव्हा आपण आगोट भरतो तशीच यांचीही भरा. मृगाआधीच नवीन मॉड्यूल आणि चिप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून द्या. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते कधी भिजलं ते दिसतं. दुरुस्तीला आलेला बोर्ड आधी सुकवा. कारखान्यात चिप १२५ अंशांवर तासन् तास भाजतात, पण बोर्डावर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि प्लॅस्टिकचे कनेक्टर असताना तुम्ही तेवढं करू नका. ६०-७० अंशांवर रात्रभर ठेवलात तरी खूप फरक पडतो. त्यासाठी जुना ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) मिळाला तर उत्तम, फक्त त्यात पुन्हा खायचं काही शिजवू नका.

बोर्डावर हिरवट-पांढरा थर असेल तर तो खारा आहे. तापवण्याआधी तो काढाच. डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, आणि मग सुकवणं. मीठ तसंच ठेवून वर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचं रसायन) लावून तापवलंत तर तो थर पायांखाली शिजून बसतो आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येते. तुमचं विहिरीवरचं यंत्र या पावसात का बंद पडलं, याचं उत्तर कदाचित तिथेच असेल. मॉड्यूल मेलंय असं ठरवण्याआधी एकदा नुसतं धुऊन, सुकवून बघा.

स्टेशनलाही ओल लागते. पावसाळ्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आत पाणी सुटतं आणि पंखा गंजतो. आठवड्यातून एकदा १०० अंशांवर, वारा पूर्ण सोडून पाच मिनिटं चालवा. मुंग्याही राहत नाहीत.

हात कसा बसवायचा ते आता थोडक्यात. शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बाजारातल्या नव्या बोर्डांवरचं शिसंविरहित सोल्डर २१७च्या आसपास. तरी यंत्रावर ३३० ते ३५० लावावे लागतात, कारण तो आकडा सेन्सरपाशी आहे, बोर्डापाशी नाही. प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा खोटा असतो. तुमच्या मल्टिमीटरला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लागत असेल तर ते भंगार बोर्डावर टेपने चिकटवून, दोन सेंटिमीटरवरून वारा धरून किती चढतं ते वहीत लिहून ठेवा. ही एक वही महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

तुमचे पॅड उखडले ते घाईमुळे, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तांबं बोर्डाला ज्या राळेने चिकटलेलं असतं ती साधारण १३०-१४० अंशांनंतर नरम पडते. सगळे पाय वितळायच्या आत ओढलं की तांबं सुटून येतं. वरूम मॉड्यूलला कडेला ३८ पॅड आणि पोटाखाली एक मोठा ग्राउंड पॅड आहे. आयर्नने तो तापतच नाही, म्हणून तुमची चूक फार मोठी नव्हती, हत्यार चुकीचं होतं. हॉट एअरने करताना कडेच्या पॅडवर आधी थोडं शिशाचं सोल्डर मिसळा, म्हणजे वितळणबिंदू खाली येतो. भरपूर जेल फ्लक्स लावा. आसपासच्या कनेक्टरवर कॅप्टॉन (Kapton) ही उष्णता सोसणारी टेप, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल. आधी वीतभर उंचीवरून सगळा बोर्ड एक-दोन मिनिटं नुसता शेकवा. हा शेक सोडू नका, सत्तर टक्के काम त्यातच होतं. मग मोठं नॉझल, किंवा नॉझल न लावताच, दोन सेंटिमीटरवरून गोल फिरवत राहा, एका जागी थांबू नका. चिमट्याने मॉड्यूल ओढू नका, बाजूने हलकासा स्पर्श करा. सोल्डर वितळलं की ते होडीसारखं डुलतं आणि परत जागेवर येतं. तसं झालं की उचला. त्याच्या पत्र्याच्या झाकणावर दाब देऊ नका, आतले भाग सरकतात. पहिले दहा-बारा प्रयोग भंगारवाल्याकडच्या सेट-टॉप बॉक्सवर करा. त्यात सगळ्या आकाराच्या चिप मिळतात.

कुठून घ्यावं? मुंबईला जाणं होणार असेल तर ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, समोर चालवून बघून, सुट्या हँडलसह घ्या. नाहीतर परत घेण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडून मागवा. पाच हजारांपैकी निदान हजार-बाराशे बाजूला ठेवा: फ्लक्स, टेप, वाकड्या टोकाचा चिमटा, अल्कोहोल, सोल्डर शोषणारी जाळी. नावाजलेल्या फ्लक्सच्या नकली डब्या फार फिरतात. फार स्वस्त, करपून काळा होणारा आणि धुतल्यावरही न निघणारा फ्लक्स आपल्या हवेत पुढे गंज आणतो, तिथे काटकसर करू नका.

मुलीबद्दल. फ्लक्सचा धूर दम्याला कारण ठरतो हे पक्कं माहीत आहे, आणि जुन्या तसंच ६३/३७ सोल्डरमध्ये शिसं असतं. तेव्हा जेवणाचं टेबल आणि स्वयंपाकघर नको. पडवीत किंवा खिडकीशी बसा, एक छोटा पंखा धूर बाहेर ढकलेल असा लावा, आणि उठल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तिला जवळ घेऊ नका. तो चिमटा, ते सोल्डर तिच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

आणि तो बोर्ड फेकू नका. उखडलेल्या पॅडकडे जाणारी तांब्याची रेघ शोधा, तिच्यावरचा हिरवा रंग ब्लेडने तीन-चार मिलिमीटर खरवडा आणि उघड्या तांब्याला सोल्डर लावा. बिघडलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधली केसासारखी एनॅमलची तार घ्या, टोकाचं एनॅमल सोल्डरच्या थेंबात जाळून काढा. एक टोक त्या रेघेला, दुसरं मॉड्यूलच्या पायाला. आधी सर्किटमध्ये बघा, ते दोन पाय तुम्ही वापरत नसाल तर हेही करायची गरज नाही. मीटरने जोडणी तपासा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, आणि तार हलू नये म्हणून वर इपॉक्सीचा एक थेंब सोडा. विहिरीवर परत बसवण्याआधी पूर्ण बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओल अडवणाऱ्या लाखेसारख्या थराचे) दोन पातळ हात द्या, अँटेनाचा भाग आणि कनेक्टर सोडून.